जुन्या जीपचा श्वास आणि एक कडीचा डबा

भाचेबुवा,

आजोबांची जीप अखेर तुझ्या दारात उभी राहिली, याचा मला किती आनंद झालाय ते पत्रात मावणार नाही. परवा फोनवर तू विचारलंस, एअर क्लीनरच्या रबरी पाइपात ऑइल कुठून येतं आणि ते धरायचा डबा घरी करता येतो का. येतो. एका दुपारचं काम आहे. पण तुला सगळं कालच झालेलं हवं असतं, म्हणून फोनवर आवरतं घेतलं आणि इथं सावकाश लिहितोय.

तुझं इंजिन इगतपुरीचं, प्युजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिमीचा बोअर, म्हणून ते नाव. एकूण २११२ सीसी. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला गॅस थोडा त्यांच्या कडेनं खाली, क्रँक फिरते त्या चेंबरात उतरतोच. गॅरेजवाले याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो गॅस बाहेर पडायला जी वाट ठेवलेली असते ती ब्रीदर. जाताना तो ऑइलचं धुकं, पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं डिझेल बरोबर नेतो. पूर्वीच्या गाड्यांत हा पाइप सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असे. १९६० नंतर कॅलिफोर्नियातल्या गाड्यांपासून तो परत इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडायची रीत पडली. हवा स्वच्छ राहिली, पण ऑइल हवेच्या पाइपात जाऊ लागलं. आपला डबा या दोहोंच्या मधे बसतो. गॅसला पुढे जाऊ द्यायचं आणि ऑइलला थांबवायचं, एवढंच त्याचं काम.

यातलं पहिलं काम मोठं, दुसरं धाकटं. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीतून आलंय.

डब्याला हात लावण्याआधी

१. आधी इंजिनाची तब्येत बघ — रिंगा गेल्या असतील तर डबा म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली बादली. छप्पर तसंच राहतं.

२. इंजिन गरम करून आयडलवर ठेव आणि ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेव. जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर आधी कॉम्प्रेशन तपासून घे — मग खर्च डब्यावर करायचा नाही, इंजिनावर करायचा.

३. ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे कधी भरू नकोस — क्रँक त्यात आपटते, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरची वाट धरतो. पोटभर जेवलेला पाहुणा आणि काठोकाठ भरलेला चेंबर, दोघांनाही ढेकर जास्त.

४. एअर क्लीनर आधी साफ कर — तो तुंबला की इंजिन हवेसाठी ओढ काढतं, आणि समोरून हवा मिळेना की ब्रीदरमधून ऑइल ओढतं. तुझा क्लीनर ऑइलच्या वाटीचा असेल तर त्या वाटीतही खुणेपर्यंतच ऑइल हवं. पाइपात दिसणारं ऑइल कधीकधी तिथलंच असतं.

५. ब्रीदरची जुनी नळी काढून उजेडासमोर धर आणि आतून बघ. वाटेत जाळी असेल तर रॉकेलमध्ये धू — पंचवीस वर्षांची काळी राळ तिथं बसलेली असते, आणि तुंबलेल्या वाटेवर नवा डबा लावून काही साधत नाही.

या पाच गोष्टींतच निम्म्या जणांचं ऑइल थांबतं. तुझंही थांबलं तर डबा करू नकोस. मला वाईट वाटणार नाही.

डबा कसला घ्यायचा

६. जाड पत्र्याचा, उभट, लिटर-दीड लिटरचा स्टीलचा कडीचा डबा घे — उभट डब्यात ऑइल तळाशी राहतं आणि गॅसची वाट वर राहते. पसरट डब्यात घाटाच्या वळणावर सगळं हिंदकळून एक होतं.

७. प्लॅस्टिकची बाटली नको, काचेची बरणी तर नकोच — बॉनेटखालच्या उष्णतेनं एक मऊ पडते आणि खड्ड्यांनी दुसरी फुटते. माझी एक बाटली ऐन मे महिन्यात वितळून मॅनिफोल्डच्या बाजूला लोंबत होती. बॉनेट वेळेत उघडलं म्हणून पुढचं टळलं.

८. झाकणाला रबराचा वायसर आणि कडेनं गॅस्केटची सिलिकॉन पेस्ट लाव — दुधाला चालणारं झाकण गॅसला चालत नाही, आणि जिथून गॅस सुटेल तिथून धूळ आत शिरेल.

९. पाइप जोडायला नळवाल्यांकडचे टँक निपल घे, आतून-बाहेरून वायसर लावून नटानं आवळ — पातळ स्टीलला झाळ मारताना पत्रा वाकडा होतो, निपल मात्र एका पान्यात बसतं आणि उद्या बदलताही येतं.

१०. आत येणारी वाट झाकणातून घे आणि तिला आतून नळी जोडून डब्याच्या मध्यापर्यंत उतरव. बाहेर जाणारी वाट झाकणाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वर — गॅसला खाली जाऊन वळून वर यावं लागलं की त्याचा वेग मोडतो, आणि जड थेंब वळणावर गॅसची साथ सोडतात.

११. त्या आतल्या नळीचं टोक, ऑइल जास्तीत जास्त जिथवर साचू देणार आहेस त्याच्या नेहमी वर राहू दे — टोक ऑइलात बुडालं की गॅस बुडबुडे काढत निघतो आणि धरलेलं ऑइल पुन्हा उडवून पुढे नेतो.

१२. आत येणाऱ्या नळीच्या टोकापेक्षा वर, पण बाहेरच्या वाटेच्या खाली, एक भोकांची चकती आडवी बसव आणि तिच्यावर भांडी घासायच्या स्टीलच्या दोन घासण्या मोकळ्या करून ठेव. धुकं तारांना लागतं, थेंब मोठा होतो, खाली पडतो. चकतीसाठी मी भांड्यांच्या दुकानातून पुरणयंत्राची जास्तीची जाळी आणतो. भोकं भरपूर, स्टील जाड, आणि डबा जाळीच्या मापाचाच निवडतो. आत येणारी नळी जाईल एवढं एक मोठं भोक तिच्यात पाडायचं, की झालं. आईच्या यंत्राची जाळी मात्र उचलू नकोस — होळीच्या आदल्या दिवशी तिची आठवण निघते.

१३. घासणी स्टेनलेसचीच हवी, सुतारकामातली लोखंडी लोकर नको — वाफेनं ती गंजते, तिचे बारीक तुकडे सुटतात आणि पुढची वाट थेट इंजिनात आहे. घासण्यांच्या वरही बारीक जाळीचा एक तुकडा पक्का कर, त्याच कारणानं.

१४. घासण्या दाबून भरू नकोस. डबा तोंडाजवळ धरून एका पाइपातून फुंकर मार, दुसऱ्यातून ती सहज बाहेर यायला हवी — तुझ्या छातीला जे जड जातं ते इंजिनालाही जातं.

१५. तळाला पितळी कॉक बसव, आणि त्याची दांडी तारेनं बांधून ठेव — गाडी हादरे देत असते, कॉक आपोआप फिरतो आणि रस्त्यावर तेलाची रेघ राहते. मागून येणारा दुचाकीवाला कुणाचा तरी मुलगा असतो.

१६. भोकं पाडताना ड्रिल हळू फिरव, पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा धर, आणि टोकावर तेलाचा थेंब सोडत राहा. मग कानशीनं कड मारून डबा रॉकेलनं, नंतर गरम साबणाच्या पाण्यानं धू आणि उन्हात वाळव — राहिलेला लोखंडाचा एक कण सिलिंडरमध्ये गेला तर तुझं सगळं शहाणपण एका ओरखड्यात जातं.

नळी

इथं जरा थांब, चहा घे. लोक डब्यावर जीव टाकतात आणि नळीवर दहा रुपये वाचवतात.

१७. ब्रीदरच्या तोंडाचा आतला व्यास मोज, आणि नळी, निपल, कॉकखेरीज सगळं त्याच मापाचं घे — १९ मिमीच्या जागी १२ मिमीची नळी लावलीस तर वाट चाळीस टक्केच उरते, हे भोकांच्या क्षेत्रफळाचं साधं गणित आहे. निपलचं आतलं भोक नळीपेक्षा लहान असतं, तेही मोजायला विसरू नकोस.

मी पहिला डबा केला तेव्हा घरात होती ती नळी लावली. बारीक होती, आणि बॅटरीच्या कोपऱ्यावरून वळताना थोडी चेपली होती. गाडी चालत होती, ऑइल डब्यात येत होतं, मी खूश. दोन महिन्यांनी घाटात क्लच घसरायला लागला. गिअरबॉक्स खाली उतरवला तर क्लचप्लेट ऑइलनं भिजलेली. ब्रीदरची वाट आवळली गेल्यामुळे चेंबरात दाब साठत होता, आणि दाबाला जिथं कमजोर जागा सापडली तिथून, म्हणजे क्रँकच्या मागच्या सीलमधून, तो ऑइल घेऊन बाहेर पडला होता. नळीवर वाचवलेल्या पैशांचा हिशोब गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीत झाला. तेव्हापासून मी म्हणतो, नळी चेपली की सील रडतं.

१८. म्हणून डबा लावण्याआधी आणि लावल्यावर चेंबरातला दाब मोज. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घे, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांध, अर्धी पाण्यानं भर, एक टोक ऑइलपट्टीच्या नळकांड्याला घट्ट बसव आणि दुसरं उघडं ठेव. इंजिन गरम करून आयडलवर आणि थोडं रेस करून पाण्याचं अंतर टिपून घे — डबा लावल्यावर तेच अंतर लक्षात येण्याइतकं वाढलं, तर डबा श्वास अडवतोय. कुठे ते शोध. नळीचे दोन्ही पाय हातभर लांब ठेव, म्हणजे कधी उलटी ओढ लागली तरी पाणी इंजिनात जाणार नाही.

१९. नळी ऑइल सोसणारी, नायट्राइल रबराची घे. बागेची नको — ऑइलच्या वाफेनं साधं रबर फुगतं, आतून सोलतं, आणि त्याची साल वाट बुजवते. बाहेरून मात्र नळी नवीकोरी दिसते, हेच तिचं वाईट.

२०. ब्रीदरपासून डब्यापर्यंत नळीला सलग उतार दे, मधे पोट सुटू देऊ नकोस — पोटात पाणी आणि ऑइल साचून बूच बसतं. उतार धरलेल्या नळीला राखण लागत नाही.

२१. क्लिप दोन्ही टोकांना लाव आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळ — रबर गरम होऊन बसतं, क्लिप सैल पडते.

जागा

२२. डबा इंजिनावर नको, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर किंवा इंजिन आणि सीटांच्या मधल्या पडद्यावर बसव — इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, आणि दोघांच्या भांडणात पत्रा चिरतो.

२३. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या पाइपाच्या वर किंवा जवळ कधीही नको — गळालेलं ऑइल लाल तापलेल्या लोखंडावर पडलं की आग लागते. यात मी कुणाचंही ऐकत नाही, तूही ऐकू नकोस.

२४. दोन पट्ट्यांनी आवळ आणि पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर घाल. नळ्यांच्या आधारानं लोंबकळत ठेवू नकोस — पहिल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांत निपल उखडतं.

२५. हात सहज पोचेल अशीच जागा निवड — जिथं वाकावं लागतं तिथलं काम उद्यावर जातं. तुझा स्वभाव मी लहानपणापासून बघतोय.

डबा भरू देऊ नकोस

२६. डबा एक तृतीयांश भरायच्या आत रिकामा कर. याचं कारण नीट ऐक — डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. भरलेल्या डब्यातून ऑइलचा घोट एअर पाइपात गेला तर इंजिन स्वतःहून सुसाट पळत सुटतं. तू पाय उचल, स्टॉपची केबल ओढ, त्याला काही फरक पडत नाही, कारण ते तुझं डिझेल पीतच नसतं.

२७. असं कधी झालंच तर वरचा गिअर टाक, ब्रेक पूर्ण दाब आणि क्लच सोड — चाकांनी इंजिन दाबून बंद करायचं. बाहेर असशील तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाब, हात किंवा फडकं नाही — हात ओढला जातो, फडकं आत जातं. आणि इंजिन फार वर गेलं असेल तर गाडी सोडून लांब हो. जीप दुसरी मिळेल.

२८. पहिल्यांदा दोनशे किलोमीटरवर उघड, मग पाचशेवर, आणि मग तुझ्या गाडीत डबा भरायचा वेग कळला की हजारावर. पावसाळ्यात आणि कसाऱ्याचा घाट वारंवार चढत असशील तर निम्म्या अंतरावर — इंजिनावर ताण वाढला की गॅस जास्त उतरतो, आणि ओल्या हवेत पाणी जास्त जमतं.

२९. इंजिन गार असतानाच कॉक उघड — गरम ऑइल बोटावर आलं की हात झटकला जातो, आणि सगळं बॉनेटखाली.

३०. जे निघेल ते खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणानं मोज आणि वहीत तारीख, किलोमीटर, मिली लिहून ठेव — आकडा हळूहळू वाढला तर रिंगांचं वय. एकदम वाढला तर काहीतरी घडलंय. मोजील तो आधी जाणील.

३१. रंग आणि वास बघ. काळं असेल तर डिझेलच्या इंजिनाला ते साजेसंच आहे. डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर आणि पंप दाखव. दुधाळ, ताकासारखं असेल तर घाबरू नकोस — दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ पाणी होऊन बसते. एक लांब फेरी मार. पण दुधाळपणा जात नसेल, पट्टीवरही दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेडगॅस्केट उघडावं लागेल.

३२. निघालेलं ऑइल परत इंजिनात घालू नकोस — त्यात पाणी आणि आम्ल असतं, तीच तर बाहेर काढलीत. कॅनमध्ये साठवून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात दे. गटारात नाही, बांधावर नाही, विहिरीच्या आसपास तर नाहीच.

३३. दर सर्व्हिसिंगला डबा उघडून घासण्या डिझेलनं धू, काळ्या पडल्या असतील तर बदल — घासणी जुनी झाली की जाळी राहत नाही, बूच होते.

उरलेलं, थोडक्यात

३४. डब्यातून निघालेली नळी परत एअर क्लीनरच्या पुढच्या पाइपालाच जोड, उघडी सोडू नकोस — तो धूर पडद्याच्या फटींतून आत येतो, डोकं चढतं, आणि मागच्या सीटवर तुझी पोरं बसणार आहेत.

३५. शेजारच्या काकांची पेट्रोलची जुनी गाडी बघून तसाच डबा तिला करून देऊ नकोस — तिथं ब्रीदरच्या वाटेवरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या मागे हवेच्या मॅनिफोल्डची जोरदार ओढ असते, कडीच्या डब्याचं झाकण ती हवा धरत नाही, आणि चोरून शिरलेल्या हवेनं आयडल वरखाली होतं. तिला जाड भिंतीचा, आट्यांच्या झाकणाचा डबाच लागतो.

३६. डब्यानं ताकद वाढेल, ॲव्हरेज सुधारेल असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि पुढे जा — मिळतं ते एवढंच: एअर पाइप कोरडा राहतो, रबरं फुगत नाहीत, फिल्टर चिकट होत नाही, आणि इंजिन आतून कसं आहे हे दर हजार किलोमीटरला मापाच्या झाकणात दिसतं. माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

३७. डब्यावर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिही, "ब्रीदरचा डबा, नळी चेपू नये, रिकामा करावा" — गाडी कधी दुसऱ्याच्या हातात जाते, गॅरेजमधल्या नव्या पोराला तो काय आहे ते माहीत नसतं, आणि अनोळखी नळीला बूच मारायची खोड बऱ्याच हातांना असते.

येत्या रविवारी सकाळी जीप घेऊन ये, आठच्या आत, उन्हं चढण्याआधी. डबा आणि पुरणयंत्राची जाळी मी आणून ठेवलीय, मापं जुळवून बघितलीत. टँक निपल तू आण, ब्रीदरचं माप घेऊन मगच. गवंड्याची नळी शेजारच्या बांधकामावरून मागून ठेवतो. संध्याकाळी परत द्यायचीय.

तुझा,
मामा